मिरग आला की मल्हार: रेडिओवर ऋतूंचं संगीत कसं ठरतं

मिरग लागून आठ दिवस झाले होते आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. किनाऱ्यावरच्या एका आकाशवाणी केंद्रात मी तेव्हा नैमित्तिक निवेदक म्हणून जात असे. सकाळच्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, शास्त्रीय गायनाला पंधरा मिनिटं असायची. क्यू शीटवर, म्हणजे काय कधी लावायचं त्या यादीवर, लिहिलं होतं ‘मियाँ मल्हार’, मी फीत चढवली, राग सांगितला, गाणं सुरू झालं. चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. खाडीपलीकडच्या गावातून, पेन्सिलीने लिहिलेलं. ‘‘निवेदकताई, आमचा तरवा करपतोय, विहिरीने तळ गाठलाय, आणि तुम्ही मल्हार लावता. जरा खिडकीतून बाहेर बघत जा.’’

ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्या माणसाला राग ओळखता येत होता, तो कधी गायचा हे माहीत होतं आणि चुकीच्या दिवशी कानावर पडला म्हणून तो दुखावला होता. ऋतूनुसार संगीत लावणं म्हणजे काय, हे त्या चार ओळींनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही. म्हणून हा सगळा प्रकार नीट उलगडून सांगावासा वाटतो. रेडिओवर पावसात मल्हार आणि शिमग्यात होरी लागते हे आपण ऐकत आलोय. ती कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि कोकणात ते ठरवणं जास्त अवघड का जातं?

सुरुवात घड्याळापासून करावी लागेल. आपल्या हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा, आणि प्रत्येक प्रहराचे आपले राग. पहाटे भैरव, दुपारी सारंग, दिवस कलताना मुलतानी, दिवेलागणीला पूरिया किंवा मारवा, रात्री उशिरा दरबारी. पंडित विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) यांनी विखुरलेले राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ साच्यांत, बसवताना या वेळांनाही एक सूत्र देण्याचा प्रयत्न केला. रेडिओ केंद्राला हे सूत्र फार सोयीचं. सकाळच्या सभेत सकाळचे राग आणि रात्रीच्या सभेत रात्रीचे, एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

पण यात एक भोक राहतं. बहुतेक केंद्रांचं प्रसारण दिवसभर अखंड नसायचं. सकाळची सभा, दुपारची सभा, संध्याकाळची सभा, आणि मधे विश्रांती. मुलतानीची खरी वेळ नेमकी दुपारची सभा संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आधीची. मध्यरात्रीनंतरच्या रागांचीही तीच गत. रेडिओवर वाढलेल्या आमच्या पिढीला काही राग पाठ आहेत आणि काही जवळजवळ परके आहेत, त्याला हेही एक कारण आहे.

आता घड्याळाच्या वर ऋतू येतो. काही रागांना प्रहर आहे तसा ऋतूही आहे, आणि परंपरेने एक सवलत दिली आहे: ऋतू चालू असेल तर त्या ऋतूचा राग कुठल्याही प्रहरी गायला चालतो. मियाँ मल्हार एरवी रात्रीचा. पण पावसाळ्यात तो सकाळी सातला गायला तरी कुणी नाक मुरडत नाही. वसंतात बसंत आणि बहारचं तसंच. कार्यक्रम आखणाऱ्याच्या दृष्टीने ही सवलत म्हणजे मोठा आधार. चार महिने सकाळ, दुपार, रात्र, कुठेही मल्हाराचं कुटुंब बसवता येतं.

जुन्या ग्रंथांत सहा ऋतूंना सहा मुख्य राग दिले आहेत. वर्षेला मेघ, वसंताला हिंडोल, ग्रीष्माला दीपक याबद्दल बहुतेकांचं एकमत दिसतं. उरलेल्या तिघांच्या जागा मात्र वेगवेगळ्या मतांत बदलतात. आणि व्यवहारात सहाही ऋतूंना सारखा वाटा कधी मिळालाच नाही. दीपक फारसा कुणी गात नाही, त्याच्याभोवती दिवे पेटल्याच्या कथाच जास्त. हेमंत नावाचा राग आहे, पण तो सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अलीकडच्या काळात घडवलेला. खरी श्रीमंती दोनच ऋतूंत आहे, वर्षा आणि वसंत. त्यातही वर्षेचं पारडं एवढं जड की मल्हाराचे प्रकार मोजताना बोटं कमी पडतात: मियाँ, गौड, सूर, रामदासी, नट, मेघ, शिवाय देस आणि जयजयवंती हे शेजारी.

स्वरांत पाऊस असतो म्हणजे नक्की काय असतं? हे समजून घ्यायला दोन राग शेजारी ठेवून बघा. एक मेघ, दुसरा मधमाद सारंग. दोघांचे स्वर हुबेहूब तेच: सा, रे, म, प आणि कोमल नी. गंधार (ग) नाही, धैवत (ध) नाही. कागदावर लिहिले तर वेगळे ओळखता येणार नाहीत. तरी एक आहे भर दुपारच्या उन्हाचा आणि दुसरा भरून आलेल्या आभाळाचा.

फरक आहे तो एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाण्यात. सारंगात ऋषभ, म्हणजे रे, सरळ उभा असतो. मध्यमावरून, म्हणजे म वरून, खाली येऊन गायक ऋषभावर थांबतो आणि तो स्वर स्वच्छ, कोरडा, न हलता ऐकू येतो. दुपारी बारा वाजता अंगणातल्या खळ्यावर ऊन पडलेलं असतं ना, सावली नसलेलं, तसा. मेघात तोच ऋषभ मध्यमाला लोंबकळत येतो. मध्यमावरून जड मींड घेत गायक खाली घसरतो, ऋषभावर पोचला तरी मध्यमाचा स्पर्श सुटत नाही, स्वर झुलत राहतो. कोमल निषादावरून पंचमावर येतानाही तेच वजन. शिवाय मेघ बराच वेळ मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या पट्टीत घुटमळतो आणि तिथे गमक, म्हणजे स्वराला जोरकस हेलकावा, घेतली की दूरवर गुरगुरल्यासारखं वाटतं. पाऊस पडायच्या आधी समुद्राकडून जो एक दबका आवाज येतो, तो ज्याने ऐकलाय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाच स्वर तेच, हवा बदलली.

मियाँ मल्हाराची खूण आणखी वेगळी. तानसेनाच्या नावाने ओळखला जाणारा हा राग. यात कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद एकमेकांच्या जवळ येतात, मधे धैवताचा निसटता स्पर्श, आणि मग षड्ज. कोमल गंधार एका जागी न ठरता आंदोलन घेत राहतो. मल्हाराच्या बहुतेक प्रकारांत ‘म रे प’ ही चाल कुठे ना कुठे भेटते. एवढी एक खूण कानात बसवली तरी रेडिओवर निवेदन ऐकायचं राहून गेलं असताना ‘हा मल्हार आहे’ हे सांगता येतं.

वसंत याच्या उलट्या दिशेने येतो. बसंत रागाचा जीव वरच्या सप्तकात. गायक तार षड्जाकडे झेपावतो आणि तिथून उतरतो. माघ शुद्ध पंचमीपासून होळीपर्यंत त्याचा मान. त्याच दिवसांत धमार, चौदा मात्रांच्या तालात होरीचं वर्णन करणारी गायकी, आणि काफीतल्या होऱ्या.

आता कोकणाकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. सहा ऋतूंचं कोष्टक जिथे तयार झालं तिथला शिशिर आपल्याकडे नाही. आपली थंडी म्हणजे पौषातल्या काही पहाटा, आंब्याला मोहोर धरेल एवढी. वसंत म्हणावा तर फाल्गुनात पालखी नाचवताना घामाच्या धारा लागतात. शिमग्याला गावात ढोल-ताशा आणि नमन-खेळे असतात, बसंत-बहाराच्या कोवळ्या झुळुकीशी त्यांचं काही जुळत नाही. म्हणून वसंताचा कार्यक्रम आखताना मी तरी माघ सोडून पुढे जाऊ नये असंच म्हणेन. काजूला मोहोर आहे, पहाटे पायाखाली दव आहे, तेव्हा बहार लावावा. चैत्रात तो लावला तर पंचांगाला धरून असेल कदाचित, कानाला नाही.

उलट पाऊस मात्र आपल्याकडे एका ऋतूत मावत नाही. ग्रंथात ‘वर्षा’ हा एकच शब्द. कोकणातला शेतकरी मात्र पाऊस नक्षत्रांनी मोजतो. सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो, म्हणजे एका नक्षत्राला साधारण साडेतेरा दिवस. 7 किंवा 8 जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा. एकाच पावसाची ही सगळी वयं. आणि मल्हाराचेही प्रकार आहेतच. मग चार महिने सरसकट ‘मल्हार’ लावण्यापेक्षा दोन्ही एकमेकांना का जोडू नयेत?

मी एका वहीत तसं मांडून ठेवलं होतं. शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, ही माझी मांडणी. मृगाला मेघ, विलंबित म्हणजे संथ लयीतला, फार बोल नसलेला. शाकारणी झालेली आहे, आगोटीची बेगमी भरली आहे, पहिला ढग खाली आलाय एवढंच. आर्द्रेत मियाँ मल्हाराचा मोठा ख्याल, कारण आता थांबत नाही. होड्या ओढून वर घेतलेल्या, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, घराघरांत जाळी विणणं चाललेलं, माणसं रेडिओजवळ असतात. लांब रेकॉर्डिंग लावायला याहून चांगले दिवस नाहीत. तरण्या पावसाला त्याचीच द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, तिकडे लावणी जोरात आहे. म्हाताऱ्या पावसाला रामदासी. दोन्ही गंधार घेणारा हा राग कौलांवरून पागोळ्या गळत राहाव्यात तसा संथ वाटतो मला. आश्लेषा-मघांत श्रावण येतो, क्षणात ऊन क्षणात सर, तिथे गौड मल्हारच हवा. त्यातला शुद्ध गंधार ऐका; मियाँ मल्हारातल्या झुलत्या कोमल गंधारानंतर तो ढग फाटून ऊन पडावं तसा समोर येतो. एवढ्या एका स्वरावरून जून आणि ऑगस्ट वेगळे काढता येतात.

पूर्वा-उत्तरा बहुतेक गणपतीच्या धामधुमीत जातात. तेव्हा घराघरांत पेटी, टाळ आणि आरत्या असतात, रेडिओने भजन-अभंग लावावे आणि मल्हाराला विश्रांती द्यावी. हस्ताचा पाऊस गडगडाट घेऊन येतो, तोवर हळवं भात पिवळं पडायला लागलेलं असतं. त्याला रात्रीचा देस.

ऋतूंवरून कार्यक्रम बांधणं ही रेडिओची एकट्याची कल्पना नाही. पंडित कुमार गंधर्वांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ अशा पूर्ण मैफली रचल्या. त्यांत शास्त्रीय बंदिशी होत्या, तशी माळव्यातली लोकगीतंही. ते राहत होते देवासला, म्हणून माळवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कुणी ‘गीत वर्षा’ बांधली तर तिच्यात लावणीची गाणी यायला हवीत, हे ओघानेच आलं. पाश्चात्त्य देशांतली शास्त्रीय संगीताची केंद्रंही ऋतू पाळतात, पण वेगळ्या रीतीने. 1725 साली छापलेल्या, इटालियन संगीतकार विवाल्दीच्या चार ऋतूंच्या रचनांत वादळ, पक्षी, बर्फावरून घसरणं यांची चित्रं आहेत. ती रचना जुलैत वाजवा नाहीतर जानेवारीत, कुणी नियम मोडला असं म्हणत नाही. तिकडे पक्का असतो तो सण. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधलं नाताळच्या आदल्या दिवशीचं गायन बीबीसीने 1928 साली पहिल्यांदा प्रसारित केलं आणि 1930 चा अपवाद सोडला तर दरवर्षी ते लागत आलं आहे. त्यांच्यासाठी ते प्रसारण म्हणजेच नाताळ. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट फोडताना आतून सनई आणि कीर्तन ऐकू यायचं, त्याला हे जवळचं.

मग माझ्या हातून तो मल्हार कोरड्या दिवशी लागला कसा? आकाशवाणीत कार्यक्रमांचं नियोजन तिमाहीचं असतं. एप्रिल, मे, जूनचा आराखडा त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. कलाकारांना श्रेणी असतात, बी, बी हाय, ए आणि टॉप. त्या श्रेणीप्रमाणे त्यांना करार जातात, तारखा मिळतात, ध्वनिमुद्रण होतं. म्हणजे जुलैत ऐकू येणारा मल्हार बऱ्याचदा उन्हाळ्यात गायलेला असतो. वातानुकूलित, बंद खोलीत, बाहेर वैशाख. तबलजींना ते बरंच वाटतं, कारण भर पावसात आपल्या दमट हवेत तबल्याची पुडी ओल धरते, सैल पडते, सूर उतरतो आणि दर थोड्या वेळाने हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसावं लागतं. फितींनाही ही हवा सोसत नाही, बुरशी धरते, म्हणून लायब्ररीची खोली गार ठेवावी लागते.

फितीच्या खोक्यावर चिठ्ठी असायची: कलाकार, राग, ताल, अवधी, ध्वनिमुद्रणाची तारीख. ऋतूचा रकाना नव्हता. तो लावणाऱ्याच्या डोक्यात असायला हवा. माझ्या डोक्यात ‘जून म्हणजे मल्हार’ एवढंच होतं.

दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांबाबत हा प्रश्न आणखी मोठा होतो. हवामान खात्याने 2020 साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस केरळात साधारण 1 जूनला, मुंबईत 11 जूनला आणि दिल्लीत 27 जूनला पोचतो. म्हणजे आपल्याकडे आर्द्रा लागून गेली तरी तिकडे ऊन असतं. 1952 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाने देशभरचे मोठे गायक घराघरांत पोचवले, 2016 पासून ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी आहे, आणि ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर देशातली दोनशेहून जास्त केंद्रं फोनवर ऐकता येतात. हे सगळं मला हवंच आहे. पण सबंध देशासाठी एकच वाहिनी मल्हार लावते तेव्हा तो कुणाच्या तरी कोरड्या शेतावर पडणारच. खिडकीतून बाहेर बघायची सोय स्थानिक केंद्रालाच असते. म्हणून स्थानिक केंद्रांचे तास कमी होतात तेव्हा मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं नुसतं जुन्या आठवणींपोटी नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे ऋतू रेडिओच्या आतही शिरतो. मीडियम वेव्हवर आवाजाचे चढउतार लहरीची उंची कमी-जास्त करून पाठवलेले असतात. वीज चमकली की तीही रेडिओ लहरी फेकते, त्या येऊन याच उंचीत मिसळतात आणि आपल्या संचातून कडकड ऐकू येते. एफएममध्ये आवाज लहरीच्या वारंवारितेत असतो, उंचीतला गोंधळ संच छाटून टाकतो, म्हणून तिथे ती खरखर जाणवत नाही. मात्र एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की पलीकडच्या वाडीत आवाज फाटतो. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते आणि समुद्रावरून तर फारच लांब जाते, कारण खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. खोल पाण्यात गेलेल्या होडीवर हवामानाचा इशारा ऐकू यायचा तो यामुळेच, आणि इशाऱ्यानंतर लागलेलं गाणंही.

पोस्टकार्ड आलं त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत सकाळच्या पंधरा मिनिटांसाठी दोन फिती काढून ठेवायच्या, मेघ आणि मधमाद सारंग. ऊन असेल तर सारंग. मधमाद दुपारचा राग, सकाळी लावताना थोडी ओढाताण व्हायची, पण कोरड्या आभाळाखाली मल्हार लावण्यापेक्षा ती पत्करली. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग क्यू शीटवर दोन्ही नावं लिहायची परवानगी दिली.

त्या वर्षी सारंग पाच सकाळ चालला. सहाव्या दिवशी निवेदनाला बसले तेव्हा खिडकीतून समुद्राची रेघ दिसत नव्हती. सारंगाची फीत यंत्रावर चढवून झाली होती. ती उतरवली, दुसरी लावली, राग सांगितला. गायकाने मंद्रातून पहिला ऋषभ झुलवत आणला आणि मॉनिटरच्या स्पीकरमधून कडकड अशी लांब खरखर आली.